जुना माल, नवं खोकं

शौकतला लोकांची सोय करायची भारी खोड. खोड वाईट नव्हे, पण आपलं कौतुक ऐकायची एकदा चटक लागली की माणसाला बाकीचं ऐकू येईनासं होतं. जालना रोडवरच्या एका मोटार एजन्सीत तो बारा वर्षं पार्टच्या काउंटरला उभा होता. पैठण, कन्नड, सिल्लोड, कुठून कुठून मिस्त्री यायचे बिचारे. सकाळची एसटी धरून दुपारी काउंटरवर पोचायचं, तर आतून प्रश्न यायचा, पार्टचा नंबर काय, गाडी कोणत्या सालची, चेसिस नंबर आणलाय का? मिस्त्री म्हणायचा, हिरव्या हुडाची जीप हाय, एवढं ठावं. मग जा परत, आणा नंबर. बोटभर वॉशरपायी दोन दिवसांचं मातेरं.

ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची. खिशातले फोन अजून यायचे होते. शौकतनं डोकं लढवलं आणि बस-ऑर्डर सुरू केली. मिस्त्र्यानं यायचंच नाही. खराब पार्ट गोणपाटात बांधून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि तोंडी निरोप सांगायचा. शौकत नुसता पार्ट बघून गाडीचं साल सांगायचा. संध्याकाळच्या बसनं नवा पार्ट गावात हजर, सोबत जुनाही. जुना परत पाठवावाच लागे, कारण आपल्याकडचा गाडीवाला जुना पार्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नवा बसवला असं मानतच नाही. मयताचं तोंड पाहावं तसा तो निकामी लोखंडाचा तुकडा उलटासुलटा करून पाहतो, तेव्हा कुठं त्याची मान हलते.

एजन्सीचे मालक तात्यासाहेब यांना ही भानगड पसंत नव्हती. "लेखी ऑर्डर नाही, सही नाही, नंबर नाही," ते म्हणाले होते. "करतोस तर कर. पण दाखवून झालेला जुना पार्ट काउंटरवर परत आला पाहिजे. आणि एक जरी घोळ झाला ना शौकत, तर तुझी ही बस त्याच दिवशी बंद." दोन वर्षं झाली, घोळ झाला नव्हता. तालुक्यातालुक्यातले मिस्त्री शौकतभाईचं नाव घेत होते, आणि शौकत ते नाव विड्यासारखं चघळत होता.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला पैठण गाडीचा ड्रायव्हर कडूबा गोणपाटाचं गाठोडं घेऊन काउंटरवर आला.

"शौकतभाई, पुंजाराम मिस्त्रीनं जुना माल वापस धाडलाय. लई खूश हाय म्हातारा. म्हनला, शौकतला सांग, खोकं उघडलं अन् पार्ट असा बसला, जसा गाडीसंगंच जलमला व्हता."

शौकत हसला. कडूबा शेजारच्या टपरीवर चहाला गेला. जुना माल भंगारात टाकायचा म्हणून शौकतनं गोणपाटाची गाठ सोडली आणि आत हात घातला. हाताला चिकट ग्रीस लागलं, पिवळं, कंपनीतून लावून येतं ते. गोणपाटाचे धागे चिकटून मळकट दिसत होतं इतकंच. त्यानं बोटानं ग्रीस पुसलं. खाली कोरं करकरीत लोखंड होतं.

परत आला होता तो नवाच पार्ट.

आदल्या दिवशी झालं होतं ते असं. पुंजाराम मिस्त्रीनं पैठणच्या सांडूच्या जीपचा स्टब एक्सल पाठवला होता. स्टब एक्सल म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं तो जाड लोखंडी खुंट. बिडकीनजवळ जीप खड्ड्यात आदळली होती, तेव्हापासून वळणावर चाकातून कट्-कट् वाजत होतं. मिस्त्रीचा निरोप होता, चीर गेली आहे का तेवढं बघा, असेल तर नवा द्या. चीर नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. शौकतनं तो खुंट रॉकेलमध्ये बुडवला, पुसून लख्ख कोरडा केला आणि वर पांढरा खडू घासला. पाच मिनिटांत खडूच्या पांढऱ्यावर काळी रेघ उमटली, अर्ध्या बोटाएवढी. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं.

आणि इथंच शहाणपण नडलं. शौकतला वाटलं, ही रेघ मिस्त्रीनं गाडीवाल्याला दाखवायला हवी, कशी हुडकून काढली ते कळायला हवं. गोणपाटात बांधली तर खडू पुसून जाईल. म्हणून त्यानं नवा एक्सल त्याच्या खोक्यातून काढला, त्या कोऱ्या खोक्यात कागद अंथरून जुना अलगद ठेवला आणि वर निळ्या शाईनं ठळक लिहिलं, 'जुना. चीर पाहा.' ग्रीसमध्ये बरबटलेला नवा दिला गोणपाटात बांधून. त्याला काय होणार होतं?

पण खोक्यात नवा माल आणि गोणपाटात जुना, हे मिस्त्री लोकांच्या बोटांना जन्माचं ठाऊक. धुतलेलं, पुसलेलं, पांढरी पूड लागलेलं लोखंड पुंजारामनं खोक्यातून काढलं आणि बसवून टाकलं. मळकट, चिकट होतं ते परत पाठवलं. वरचं लिहिलेलं कसं वाचलं नाही? याचा विचार करायला वेळ नव्हता. तो टपरीकडे धावला.

"कडूबा! सांडूची जीप कुठं आहे?"

"ती? ती तर सकाळीच निघाली वेरूळला." कडूबानं बशी फुंकली. "त्याच्या मायला, भागूबाईला, नातू झालाय ना. ती, सून, दोघी लेकी, समदा गोतावळा हाय. मिस्त्रीबी संगं गेलाय, भागूबाईनंच मानानं पुढं बशिवलं त्याला. गुलमंडीवर थांबनार व्हते, बाळाला अंगडं-टोपडं घ्यायला. कामून वो?"

शौकत तसाच मागं वळला. त्याच्या डोळ्यांपुढं खुलताबादच्या पुढचा वेरूळचा घाट आला. उतार असा की भरल्या गाडीचं सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं, आणि वळणावर एकाच चाकावर. चिरलेला खुंट तिथं टिकायचा नाही. चाक निघालं की जीप दरीकडे जाणार की डोंगराकडे, हे नशिबावर. आत सात जीव, त्यातला एक अंगड्या-टोपड्यातला.

तो आत आला. एसटीडीची सोय एकट्या तात्यासाहेबांच्या केबिनमध्ये होती. खुलताबादेत, रस्त्यालाच, गयास मिस्त्रीचं गॅरेज होतं, बस-ऑर्डरचंच गिऱ्हाईक. त्याच्या शेजारच्या हॉटेलात फोन होता, नंबर शौकतच्या वहीत होता. एक फोन केला की जीप खुलताबादेत अडली असती. शौकतनं केबिनचं दार लोटलं. तात्यासाहेब कुणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांनी हातानंच खूण केली, थांब जरा.

शौकत थांबला. आणि त्या थांबण्यात त्याच्या डोक्यात नको ते शिरलं. फोन करायचा तर तात्यासाहेबांसमोर सगळं बोलावं लागेल. घोळ झाला म्हणावं लागेल. दोन वर्षांची बस, दहा गावांतलं नाव, सगळं याच टेबलावर संपेल. आणि मंडळी तर गुलमंडीवर आहेत. बायका कापडाच्या दुकानात शिरल्या की तासाभराशिवाय बाहेर येत नाहीत. स्कूटरनं पंधरा मिनिटांचा रस्ता. तिथंच जीप गाठू, चुकीच्या सालाचा पार्ट गेला म्हणून सांगू, नवा बसवून देऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानं दार हळूच ओढून घेतलं. खोक्यातला घोळ ही चूक होती, चूक कुणाच्याही हातून होते. हे मात्र पाप होतं, आणि ते त्यानं जाणूनबुजून केलं.

नवा एक्सल स्कूटरच्या डिकीत टाकून तो निघाला. क्रांती चौकात अडकला, पैठण गेटपाशी हातगाड्यांच्या गर्दीत अडकला. गुलमंडीवर येऊन पोचला तेव्हा अर्धा तास उलटला होता. चौकात जीप नव्हती. मागच्या बोळात नव्हती. त्यानं बाळकपड्यांची दोन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानाचा मालक कापडाची घडी घालता घालता म्हणाला, "पैठणची मंडळी ना? गेली की. पंधरा मिनिटं झाली. म्हातारीची घाई चालली होती, बारा-साडेबाराच्या आत अभिषेक उरकायचा म्हणून."

शौकतनं हिशेब केला. पंधरा मिनिटं. म्हणजे तो केबिनच्या दारात थांबला होता तेव्हा जीप इथंच उभी होती. आता स्कूटर कितीही पिळली तरी घाटाआधी जीप हाती लागणार नव्हती.

"एक फोन करू द्या. खुलताबादला. जिवाचं काम आहे."

दुकानदारानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन पुढं सरकवला. पहिल्यांदा लाईन एंगेज. दुसऱ्यांदाही एंगेज. शौकतनं पुन्हा तबकडी फिरवली. तिसऱ्यांदा घंटी वाजली, वाजत राहिली, आणि हॉटेलवाल्यानं उचलला. गयास गाडीखाली झोपलाय, बोलावतो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा शौकतला पळताना दिसत होता.

"बोलो शौकतभाई."

"गयास, पैठणची जीप येतेय. हिरवं हूड. वेरूळला चाललीय. घाटाच्या आधी थांबव. काय वाट्टेल ते कर, पण थांबव."

"हौ, पर बोलूं क्या उनको? कोन हाय जीपमंदी?"

"पुंजाराम मिस्त्री पुढं बसलेत."

पलीकडून गयास हसला. "क्या मियाँ! पुंजाराम मिस्त्रीनं बसवलेल्या गाडीला मी हात दाखवू? ते बुजुर्ग आदमी. मला उभं चिरतील. कारण तरी सांगा."

दुकानात दहा गिऱ्हाइकं होती. दुकानदार होता, दोन नोकर होते. सगळे आता शौकतकडेच पाहत होते. तो डोळे मिटून म्हणाला, "पुढच्या चाकात चिरलेला एक्सल आहे. मी पाठवला. नव्याच्या खोक्यात घालून मी पाठवला. आता सांगतोय ते सगळ्यांना सांग, पण जीप थांबव."

गयास म्हणाला, "फोन रख दो भाई," आणि ठेवून दिला.

शौकतनं स्कूटर नगर नाक्याकडे घातली. छावणी मागं पडली, मिटमिटा मागं पडलं. दर वळणाला त्याला वाटे, आता दिसणार, रस्त्याच्या कडेला उलटी पडलेली, चाकं वर करून. दौलताबादच्या अलीकडे रस्त्यात माणसांचा घोळका दिसला आणि त्याच्या हातातला क्लच सुटला. स्कूटर गचका खाऊन बंद पडली. माणसांच्या पायांमधून तो हिरवं हूड शोधत होता. पंक्चर झालेला उसाचा ट्रक होता. कुणीतरी म्हणालं, काय झालं भाऊ, तब्येत बरी नाय का? शौकतनं किक मारली. एकदा, दोनदा, पाचव्यांदा ती सुरू झाली. दौलताबादचा चढ स्कूटरनं रडत रडत चढला. तो अल्लाला एवढंच मागत होता की माझी नोकरी जाऊ दे, बस जाऊ दे, नाव जाऊ दे, ते बाळ राहू दे. तासाभरापूर्वी हाच माणूस नेमकं उलटं करून बसला होता.

खुलताबादला गयासचं गॅरेज उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. हॉटेलवाला रस्त्यावरच उभा होता.

"गेली जीप!" तो लांबूनच ओरडला. "गयास हात करत मधोमध उभा व्हता. जीपवाल्याला वाटलं, सीट मागतोय. गाडी भरलीय म्हणून त्यानंही हात हलवला अन् बाजूनं काढून नेली. गयास मोटरसायकल घेऊन पळालाय मागं."

शौकतनं पुढचं ऐकलं नाही. गाव संपलं. पुढं रस्ता उजवीकडे वळतो आणि तिथून उतार लागतो. त्या वळणावरून त्यानं पाहिलं आणि ब्रेक दाबला.

मोटरसायकल रस्त्यात आडवी पडली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर हिरव्या हुडाची जीप तिरकी उभी होती. चारी चाकांवर. पुढं उतार तोंड उघडून पडला होता. आणि बायका उतरून कडेच्या लिंबाखाली उभ्या होत्या, म्हातारीच्या हातात बाळ होतं. सांडूनं गयासची कॉलर धरली होती. गयासचा गुडघा फुटून पायजमा लाल झाला होता.

"यड लागलं का तुला? गाडीम्होरं मोटारसायकल आडवी टाकतो? लेकरूबाळ हाय आत!"

"त्याला सोडा," शौकत ओरडला. "मी सांगतो. मी शौकत, एजन्सीतला. सांडूभाऊ, आधी पुढचं चाक काढू द्या."

पुढच्या सीटवरून पुंजाराम मिस्त्रीचा आवाज आला. म्हातारा अजून उतरला नव्हता, ताठ बसून होता. पागोटं नीट, मिश्या नीट. "चाकाला हात लावायचा नाय. मी बसवलंय ते."

"मिस्त्री, आत बसवलाय तो जुना आहे."

"मला शिकवतो व्हय? चाळीस वर्सं झाली. खोक्यातनं काढलाय मी, माझ्या हातानं."

गयासनं कुणाचं ऐकलं नाही. लंगडत त्यानं जॅक लावला, चाक काढलं, खुंटावरचा हब उतरवला. खुंट पेट्रोलनं धुतला, पुसला, खिशातला खडू घासला. सगळे भोवती वाकले. पांढऱ्यावर काळी रेघ फुटली. काल ती अर्धं बोट होती. आज ती खुंटाला निम्मा वळसा घालून खालच्या बाजूला गेली होती. पैठणपासून इथवर प्रत्येक खड्ड्यानं तिला पुढं नेलं होतं. अजून दोन वळणं आणि सगळंच संपलं असतं.

सांडूनं शौकतचा शर्ट धरला. "नव्याच्या खोक्यात जुना माल घातला? का? जीव घ्यायला निघाला व्हता आमचा?"

शौकतकडे उत्तर होतं. सगळ्या वाटेत ते त्याच्या जिभेवर होतं, खोक्यावर लिहिलं होतं, वाचलं का नाही? आणि ते खोकं समोरच होतं. जीपमध्ये, मिस्त्रीच्या पायाशी. त्यात म्हाताऱ्यानं आपले पाने ठेवले होते. निळी अक्षरं वर होती, हातभर लांबून आंधळ्यालाही दिसावीत अशी. शौकतनं ते उचललं आणि पुंजारामच्या तोंडासमोर धरलं.

"मिस्त्री, हे बघा."

पुंजारामनं खोक्याकडे पाहिलं नाही. आवाज जिकडून आला तिकडे, शौकतच्या कानाच्या जरा बाजूला पाहिलं. डोळे मोठे होते, आणि बाहुल्यांवर साय धरली होती. "काय बघू?" तो म्हणाला. अगदी ऐटीत म्हणाला.

शौकतला कळलं. हा म्हातारा बोटांनी गाड्या दुरुस्त करतो आहे, आणि हे कुणालाच ठाऊक नाही. एक शब्द बोललं की सगळी चूक तिकडे ढकलता येत होती. समोर पुरावा होता, सगळं पंचमंडळ भोवती उभं होतं. बोलावंसं वाटलं नाही असं नव्हे. वाटलं, फार वाटलं. पण सकाळच्या केबिनच्या दाराची त्याला इतकी शिसारी आली होती की दुसऱ्यांदा तेच त्याच्यानं होईना. त्यानं बंद खोकं उलटं करून खाली ठेवलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "जुना माल खोक्यात मी घातला. आणि त्याहून वाईट ऐका. साडेदहालाच मला कळलं होतं. सेठच्या केबिनमधून फोन केला असता तर गयासला कितीतरी आधी कळलं असतं, त्याचा गुडघा फुटला नसता. मी केला नाही. सेठला कळेल म्हणून केला नाही. तुम्हाला गुपचूप गाठायला गुलमंडीवर आलो. ते तुमचा जीव वाचवायला नाही, माझं नाव वाचवायला."

सांडूचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. शौकत मार खायच्या तयारीनं उभा होता. पडला असता तर बरं वाटलं असतं त्याला.

"शौकत," पुंजाराम हळूच म्हणाला. "खोक्यावर काय लिवलं व्हतं का रे?"

शौकतनं खोकं पायानं मागं सारलं.

"आशा, बघ गं," भागूबाई सुनेला म्हणाली. सुनेनं खोकं उलटवलं आणि वाचलं, "जुना. चीर पाहा."

"एवढ्या मोठ्या अक्षरात?" सांडू म्हणाला. "मिस्त्री, हे दिसलं नाय तुमाला?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "मला काय बी दिसत नाय, सांडू. दोन वर्सं झाली. उजेड अन् सावली, एवढंच. सांगितलं असतं तर गाडी कोन दिली असती मला?"

लिंबाखाली बाळ कुरकुरलं. भागूबाईनं त्याला खांद्यावर टाकलं. "मंग दोन वर्सं आमची गाडी कोन बघत व्हतं?"

"हात बघत व्हते, भागूबाई."

तिनं त्याच्या त्या हातांकडे पाहिलं. दोघं एकाच गल्लीत म्हातारे झालेले. मग ती शौकतकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर सोसवलं असतं.

"तुमी दोघांनी आपापली अब्रू झाकली. अन् झाकायला माझा नातू घेतला."

एवढं बोलून तिनं बाळाभोवती पदर घेतला आणि खुलताबाद स्टँडाच्या दिशेनं चालू लागली. मागोमाग सून आणि दोघी लेकी. "माय, नवा बसवतोय आता, थांब की!" सांडूनं हाक मारली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

नवा एक्सल गयासनं बसवला. पुंजाराम जवळ आला नाही. उतरून, जीपला हात लावत लावत मागच्या बाजूला गेला आणि तिथंच उभा राहिला. कुणी पाना मागितला की तो खोक्यात हात घालून न चुकता नेमका पाना काढून द्यायचा. गयास तो दोन्ही हातांनी घ्यायचा. पाऊण तासात चाक चढलं. एव्हाना वेरूळची एसटी हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेली होती, आणि मागच्या खिडकीत भागूबाईचा हिरवा पदर सगळ्यांना दिसला होता, एकाला सोडून.

सांडू स्टेअरिंगवर बसला, पण त्यानं चावी फिरवली नाही. समोरच्या उताराकडे नुसता पाहत राहिला. त्याला पार्टचा भरवसा उरला नव्हता, माणसाचा नव्हता. आणि खाली आई वाट पाहत होती की नव्हती, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"मी येतो बरोबर," शौकत म्हणाला आणि मागं चढून बसला.

"मलाबी घ्या," पुंजाराम म्हणाला. तो जीपच्या पायरीपाशी आला, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग त्यानं हवेत हात पुढं केला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं चारचौघांत असा हात मागितला होता. शौकतनं तो धरला आणि त्याला वर घेतलं.

जीप उताराला लागली. पहिल्या वळणाला शौकतचा पाय आपोआप पत्र्यावर दाबला गेला, जणू तिथंही ब्रेक होता. दुसऱ्या वळणाला त्यानं श्वासच घेतला नाही. पुंजाराम मान तिरकी करून ऐकत होता. "सांडू, घाबरू नको," तो म्हणाला. "चाक गप हाय." तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. घाट संपला, रस्ता सरळ झाला, आणि सांडूनं बाहीनं तोंड पुसलं.

देवळाच्या वाटेवर, फुलांच्या दुकानांपाशी बायका उभ्या होत्या. सांडूनं जीप लांबच थांबवली. जवळ न्यायची त्याची छाती झाली नाही. भागूबाईनं जीपकडे पाहिलं, पुन्हा तोंड फिरवलं आणि देवळाकडे चालू लागली.

"आल्या का त्या?" पुंजारामनं विचारलं.

"आल्या आहेत. चालल्यात देवळात."

"बाळ?"

"भागूबाईच्या खांद्यावर आहे."

"नीट सांग की," म्हातारा म्हणाला. "मला दिसत नाय."

शौकतनं डोळे पुसले आणि नीट पाहून सांगायला सुरुवात केली. टोपडं पिवळं आहे, नवंच दिसतंय, कानावरून जरा मोठं झालंय. जागं आहे. तोंड आपल्याकडे आहे त्याचं, आणि मूठ तोंडात घातलीय.

"अजून?" पुंजाराम म्हणाला.

आणि शौकत सांगत राहिला, गर्दीत ते टोपडं दिसेनासं होईपर्यंत.